शेवटच्या कडव्यासाठी हेडफोन

नावावरून सगळा घोळ झाला, म्हणून मी इथे कुणाचंच नाव लिहिणार नाही. काकाचं तर नाहीच. त्याचं नाव एकदा नागपूरच्या रेडिओवरून निघालं आहे, तेवढं त्याला पुष्कळ झालं.

आमचं गाव गोंदियाहून दवनीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि घराघरात सुपं मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका. मी त्यांतलीच एक. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले होते. का आले ते सांगत बसत नाही. मार खायची सवय मला काही केल्या लागत नव्हती, एवढं पुरे. माहेरी बाबा, माय आणि मी. भिंतीपलीकडे बाबाचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, त्याची बायको आणि त्याचा गळा. गळा वेगळा सांगते, कारण काका त्याला घरातल्या एखाद्या नाजूक म्हाताऱ्यासारखा जपायचा. दही नाही, चिंच नाही, आणि मळणीच्या वेळी धूळ उडते म्हणून खळ्यावर येणं नाही. खळ्यावर धूळ खायला आम्ही होतोच.

बाबा दंडारीची गाणी करायचा. दंडार म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री दंडार उभी राहते. बाबाला लिहिता येत नव्हतं. बांधीत चिखल तुडवत तो गाणं जोडायचा, आणि घरी आला की काकाला समोर बसवून तोंडपाठ करून घ्यायचा. गाणं बाबाचं, गळा काकाचा, ढोलकी पुन्हा बाबाची. लोकांना मात्र गळा तेवढा दिसायचा. ढोलकीमागे मान खाली घालून बसलेला माणूस कुणाच्या नजरेत भरत नसे.

पण दंडारीत एक रीत आहे. गाणं करणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफतात. मधे कुणी काहीही गावं, शेवटी नाव येतं ते करणाऱ्याचंच. नाव आलं की ढोलकीवाला एक भरदार थाप मारतो आणि लोक हात वर करतात. आमच्या संचात ढोलकीवालाही बाबाच, म्हणजे आपल्या नावावर आपणच थाप मारायची. त्याला त्याची भारी लाज वाटायची. थापेसाठी हात वर उचलायचा आणि लोकांकडे न बघता मारून मोकळा व्हायचा. तरी वर्षभरात त्याच्या वाट्याला येणारा मान तेवढाच होता, आणि तो त्याला हवा होता हे मला पक्कं माहीत आहे.

पुढे एका पावसाळ्यात बाबाला हिवतापाने धरलं. तो कोयनेलच्या गोळ्यांवर उठला, पण उठला तो बहिरा होऊनच. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर शब्द कळायचे. लांबून बोलणं म्हणजे त्याला नुसती घुरघुर. ढोलकी त्याने वर्षभर रेटली, मग एका मंडईत ताल सुटला आणि लोक हसले. दुसऱ्या दिवशी काकाने ढोलकीला शेजारच्या गावचा माणूस आणला. बाबाला विचारलं नाही. गाणी मात्र विचारायला यायचा. बाबा बहिरा झाला होता, त्याचं डोकं बंद पडलं नव्हतं, आणि ते काकाला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं.

अशात नागपूरच्या रेडिओवाल्यांचं काकाच्या संचाला बोलावणं आलं. तेव्हा आमची राजधानी नागपूर होती आणि रेडिओही नागपूरचाच. खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी संध्याकाळी जो कार्यक्रम लागायचा त्यात आमची दंडार लागणार होती. काकाने निवडलं ते बाबाचं वैनगंगेच्या पुराचं गाणं, बाबाच्या सगळ्या गाण्यांत उजवं. गावात जत्रेसारखी धांदल सुरू झाली. येणारा-जाणारा काकाला विचारायचा, तब्येत कशी, गळा कसा. आमच्या दारावरून लोक जायचे आणि बाबाला हात जोडायचे, पण थांबायचं कुणाला सुचत नव्हतं.

बाबाला मात्र एकच ध्यास लागला. तो मला म्हणाला, "बाई, सारं नाही आयकू आलं तं चालन. आखरीचं कडवं तेवढं मले आयकव."

जन्मभर त्याने आपलं नाव आपल्याच थापेखाली ऐकलं होतं. आता ते नागपूरहून येणार होतं, राजधानीतून. आणि येणार होतं ते बहिऱ्या माणसाच्या गावात.

गावात रेडिओ एकच, शाळेत. सरकारने दिलेला, मोठ्या बॅटरीवर चालणारा, आणि त्याचा भोंगा बाहेर कडुनिंबाला बांधलेला. बाबाला मी त्या भोंग्याखाली नेऊन उभं केलं. त्याने तोंड वर केलं, कानामागे हात धरला आणि बराच वेळ उभा राहिला. नंतर म्हणाला, माशा घोंगावतात तसं येते. खालची पोरं हसली, तेव्हा त्यांतल्या एकाच्या पाठीत मी धपाटा घातला. शाळेच्या गुरुजींनी मला आत बोलावलं. मला वाटलं बोलणी खायची वेळ आली. पण त्यांनी सांगितलं की कानाला घट्ट लावायचे फोन मिळाले तर रेडिओची तार त्यांना जोडून देता येईल, आणि लढाईतला असला माल गोंदियात भंगारवाल्यांकडे पडलेला असतो.

मी बिड्या पोचवायला गोंदियाला जातच होते. स्टेशनच्या मागे एका भंगारवाल्याकडे लष्करातल्या पाण्याच्या बाटल्या, बुटं आणि पट्टे यांच्या ढिगात मला ते हेडफोन सापडले. डोक्यावरून घालायची चामड्याची पट्टी आणि दोन बाजूंना दोन काळ्या डब्या. त्यांतून आवाज येतो का म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "फौज का माल है बहन, गोला फटने में भी सुनाई देता था." मी त्याचं खरं मानलं. शाळेत आणून जोडले आणि आधी आपल्याच कानाला लावले. तोफगोळ्यांत काय ऐकू येत होतं देव जाणे, मला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. बाई बोलते की बुवा, तेही कळेना. बाबाला लावले तर त्याने दोन्ही हात कानांवर दाबून धरले, डोळे मोठे केले आणि सांगितलं की कुणीतरी आहे, पण काय म्हणते ते समजत नाही. तरी तो हसत होता. एवढ्या वर्षांनी त्याच्या कानात कुणीतरी होतं.

त्या हसण्याचाच मला राग आला. एवढ्यावर खूश व्हायला तो भिकारी होता काय? मी ते हेडफोन घरी आणले आणि बिडीच्या सुपाशेजारी मांडले.

डबीचं झाकण पेचावर फिरवलं की निघतं. खाली एक पातळ गोल पत्रा, त्याखाली लोहचुंबक, आणि चुंबकाच्या टोकांवर केसाहून बारीक तारेची वेटोळी. पत्रा चुंबकाने धरून ठेवलेला असतो आणि तोच थरथरून बोलतो. आमचे दोन्ही पत्रे गंजले होते, एक तर वाकून चुंबकाला टेकत होता, म्हणून तो खडखडाट. राखेने घासून पाहिले. खडखड कमी झाली पण शब्द फुटेनात. मग मी नवीन पत्रा कापायचं ठरवलं. घरात पत्रा म्हणजे बिडीचं पान कापायचा फर्मा, तो कापला. माय ओरडली, मी ऐकलं नाही. पण तो जाड निघाला. त्यातून आवाज असा यायचा की माणूस विहिरीत पडून बोलतोय. शेवटी मायच्या तपकिरीच्या डबीचं झाकण कापलं, ते पातळ होतं. तपकिरीवरूनही भांडण झालं. घरात त्या दिवसांत भांडणाशिवाय काही होत नव्हतं आणि बाबाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

पत्रा बरा जमला, तर तो चुंबकाला चिकटायला लागला. मधे जरा जागा हवी होती. जागा जास्त झाली की आवाज मरतो, कमी झाली की पत्रा चिकटतो. मी तेंदूपानाची गोल चकती कापली, मधे भोक पाडलं आणि पत्र्याखाली ठेवली. पहिल्या दिवशी झकास. दुसऱ्या दिवशी पान वाळलं, कडा वळल्या आणि डबी मुकी. पान वाळलं की वळतं हे मला कुणी सांगायला हवं होतं काय? रोज संध्याकाळी आम्ही पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो ते कशासाठी? मी स्वतःवरच चिडले. मग मायनेच फळीवरून एक जुनं पोस्टकार्ड काढून दिलं. त्याची चकती बरोब्बर बसली.

आता शब्द येत होते, पण वरच्या सुरात किंचाळत होते. बाईमाणूस गायला लागलं की कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं. बाबाने पत्रा हातात घेतला, बोटाने टिचकी मारली आणि पत्रा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. अंगठा आणि बोट यांच्यात तो पत्रा थरथरताना त्याला कळत असावा, कारण त्याने लगेच सांगितलं, "ढोलकीले शाई नाही लावली तं ते बी अशीच कोकलते." ढोलकीच्या पुडीवर मधोमध काळी शाई चढवतात, तिने बोल भरीव होतो, हे मलाही माहीत होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. त्याने मधमाशीचं मेण मागितलं, बोटावर मऊ केलं आणि पत्र्याच्या मधोमध ठिपका दिला. शाळेत नेऊन ऐकलं, किंचाळणं निम्मं झालं होतं. थोडं मेण खरवडून काढलं, पुन्हा ऐकलं. पुन्हा थोडं लावलं. तो ढोलकी लावत होता, मी डबीचा पेच फिरवत होते. बाबाबरोबर इतका वेळ बसल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही आणि नंतरचंही नाही.

मग जुन्या लुगड्याच्या काठात सावरीचा कापूस भरून मी दोन गोल गाद्या शिवल्या आणि डब्यांच्या कडेला बसवल्या. कान आणि डबी यांच्यातली फट बुजली तशी खालच्या सुरांना जान आली. बाजारभाव सांगणारा माणूस तांदूळ म्हणाला की जवस, ते बाबाला कळायला लागलं. त्याने माझ्याकडे वळून "जवस" असं मोठ्याने सांगितलं तेव्हा वर्गाबाहेरची माणसं आत डोकावली. मी त्यांना हटकलं.

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले असताना सकाळी मी हेडफोन घ्यायला खुंटीकडे हात नेला तर खुंटी रिकामी. घर धुंडाळलं. शेवटी पानांचं पोतं उघडलं तर हेडफोन त्यात. ओल्या पोत्यात, ओल्या पानांच्या मधोमध, रात्रभर. कापसाच्या गाद्या भिजून लोळागोळा झालेल्या, डब्यांतून पाणी ठिबकत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

माय चुलीशी होती. ती म्हणाली, "त्यात पानाची चकती हाय ना. वाळून जाईन म्हणून ठेवलो."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. लोखंड आणि पान यांतला फरक कळत नाही इथपासून सुरुवात केली आणि मग थांबले नाही. जन्म बिडीत गेला म्हणून सगळं जग ओल्या पोत्यात घालायचं काय, असंही म्हटलं. ती चुलीत फुंकर घालत राहिली. बाबाने ओले हेडफोन पाहिले, हातात घेतले, पुसले आणि परत माझ्याकडे दिले. तो तिच्यावर रागावला नाही. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मला कामाला लागणं भाग पडलं.

एक डबी मेलीच होती. तिची तार कुठेतरी आत तुटली होती, आणि एक मेली की दुसरीही गप्प बसते, कारण आवाज एकीतून दुसरीत जातो. गुरुजींनी मेलेल्या डबीला वगळून तार सरळ जिवंत डबीला जोडून दिली. ती डबी मी उघडून चुलीशेजारी गरम कोंड्यात ठेवली. तपकिरीच्या डबीचं झाकण संपलं होतं, बूड उरलं होतं. त्याचा नवा पत्रा कापला. नवं पोस्टकार्ड, नवं मेण, नवी गादी. दोन दिवस मी बिडीला हात लावला नाही आणि मायशी बोलले नाही. एका कानाची सोय झाली. सुदैवाने उजवा कान त्यातल्या त्यात बरा होता, डाव्यात मी कापसाचा बोळा कोंबला. शेवटची परीक्षा घेतली तेव्हा त्या एका डबीतून असा आवाज आला की पहिल्या दोन्हींतून तसा कधी आला नव्हता. मला गर्व झाला. खरंच झाला.

त्या संध्याकाळी सगळं गाव कडुनिंबाखाली जमलं. मायने येणार नाही म्हणून सांगितलं, पानं कापायची राहिलीत म्हणे. मी म्हटलं, नको येऊस. बाबाला मी आत गुरुजींच्या खुर्चीवर बसवलं. त्याने धुतलेला सदरा घातला होता. हेडफोन लावले, पट्टी घट्ट केली, आणि तो भिंतीकडे बघत बसला.

काकाचा आवाज आला तेव्हा बाहेर लोकांनी एकच गलका केला. बाबाला गलका ऐकू आला नाही, गाणं ऐकू आलं. त्याचे ओठ हलायला लागले, काकाच्या जरा पुढेच, जसं शिकवणारा पुढे असतो. पूर आला, गाव सोडलं, डोंग्यातून म्हातारीला नेलं, सगळं आलं. एका ओळीवर बाबाने मान हलवली, काकाने ती छान उचलली होती. खोटं कशाला बोलू, काका गातच तसा होता. मग शेवटचं कडवं सुरू झालं. बाबाचा उजवा हात वर उठला, मांडीवर थाप द्यायला, मंडईत उठायचा तसाच. आणि नाव आलं. काकाचं.

बाहेरच्या भोंग्यातून ते मलाही आलं, सगळ्या गावाला आलं. गाणं कुणाचं हे न जाणणारं एकही माणूस त्या झाडाखाली नव्हतं. गावाने क्षणभर दम घेतला आणि हात वर केले. टाळ्या वाजवल्या. एकाही मायच्या लेकाला तोंड उघडावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं झाली, त्यांतली बहुतेक माणसं मातीत गेली, पण त्या टाळ्या आठवल्या की आजही माझं रक्त उकळतं.

बाबाचा हात वरच राहिला होता. मग तो त्याने हळूहळू खाली आणला आणि मांडीवर नुसता ठेवला. गाणं संपलं, दुसरं काहीतरी सुरू झालं, तरी त्याने हेडफोन काढले नाहीत. मी समोर उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साजरा केला व फोन. एक एक अक्षर साफ आलं."

माझ्या हाताची त्याने तेवढीच एकदा तारीफ केली. मला ती नको होती. तो पत्रा वाकडा राहिला असता, मेण वितळलं असतं, चकती फुगली असती तर त्या कडव्यात त्याला त्याचंच नाव ऐकू आलं असतं. खडखडाटात माणूस आपल्याला हवं ते ऐकतो. ती सोय मी पत्रा घासून, मेण लावून, फटी बुजवून काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी संच परत आला. गळ्यात हार, पिशवीत नागपूरची संत्री. काका सरळ आमच्या अंगणात आला आणि बाबाच्या पाया पडला. बाबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बस म्हणाला. मग कारागिराने कारागिराला सांगावं तसं सांगितलं, "तुयं नाव बारकं पडते. मंधात 'हो' घालावा लागला तुले. तिथं ताल लंगडला."

काकाची मान खाली गेली. एवढ्यावर मिटलं असतं, पण मी तिथे होते. मी संत्री उचलली आणि एकेक करून त्याच्या अंगावर फेकली. चोर म्हटलं, आणखीही म्हटलं. बहिऱ्या भावाचं गाणं चोरलंस, निदान दुसरं चोरायचं होतं, जे तो ऐकायला बसला होता तेच कशाला, असं विचारलं.  मग काकाचाही तोल गेला. म्हणाला, "गाते कोन? मी. पंधरा वर्सं गळा कोनाचा? लोकं त्याले इसरले, मी नाही इसरवलो. अन् माह्यावर कायले ओरडून राहिली? तुह्या मायले इचार. तिच्यासमोरच ओळ बदलवलो. ते आमच्याइथं पोहे कांडून राहिली होती."

मी मायकडे वळले. ती दारात सूप घेऊन बसली होती आणि तिची बोटं चालूच होती. माझ्या डोक्यात तेव्हा एकदम पोस्टकार्ड आलं. पानाची चकती मी केव्हाच काढून टाकली होती, आणि पोस्टकार्ड तिनेच तर फळीवरून काढून दिलं होतं. पानासाठी म्हणून तिने ते हेडफोन पोत्यात घातले नव्हते.

मी ओरडले, "तुले मालूम होतं. मले काऊन नाही सांगतली?"

"तुले सांगतली असती तं तू असंच अंगणात ओरडली असती," माय म्हणाली. "तो न आयकता बी समजला असता." मग तिने वळलेली बिडी सुपात ठेवली. "त्याले आयकू येऊ नाही म्हणून माह्याजवळ दुसरं काय होतं? एक वल्लं पोतं होतं. ते बी तू वाळवून टाकलीस."

काका केव्हा निघून गेला ते मला कळलं नाही. अंगणभर संत्री पडली होती. मला काकाचा राग होता, गावाचा होता, आणि आता मायचा त्या दोघांहून जास्त होता. दोन दिवस मी तिला मूर्ख म्हणत होते आणि ती ऐकून घेत होती. तिने एक शब्द बोलायचा होता. पण मी कुणाला शब्द बोलू दिला असता काय, ते मला त्या अंगणात उभं राहून सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी राग गेला नसता. तो अजून गेलेला नाही. पुढे काका वारला तेव्हा मी त्याच्या तेरवीला जेवले नाही.

बाबा खाटेवर बसला होता. त्याने संत्री पाहिली, माझा चेहरा पाहिला, मायचे हलणारे ओठ पाहिले. आमचं एवढं मोठं भांडण त्याच्या दोन हातांवर झालं होतं आणि त्यातलं अक्षर त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्याने मला हाताने जवळ बोलावलं आणि कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणते व तुही माय?"

एक एक अक्षर त्याच्या कानात पोचावं म्हणून मी घरातले पत्रे कापले होते. मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "काही नाही म्हणते."

त्याला ते ऐकू गेलं नाही. मला पुन्हा ओरडून सांगावं लागलं.